शेवटच्या गाण्यापासून

शनिवार, ११ जानेवारी २०२५

दिवाळीनंतर या वहीत एक अक्षर लिहिलं नाही, त्याबद्दल माफी. कोणाची मागायची ते कळत नाही, कारण वाचणारीही मीच. पण रोज लिहीन असं ठरवून न लिहिणं ही फसवणूकच झाली, म्हणून मागते. आज वही उघडली त्याचं कारणही फारसं चांगलं नाही. राग आला आहे.

'सूरपेठ' या संगीताच्या मोठ्या संकेतस्थळाने आज 'या वर्षी ऐकायलाच हवेत असे दहा अनोळखी बँड' अशी यादी टाकली. तिसऱ्या नंबरवर 'ओहोटी', म्हणजे ट्रॉम्बेच्या कोळीवाड्यातल्या चौघांचा बँड. त्यांच्यातल्या रुचिकाने, ती ड्रम वाजवते, मला मोठ्या आनंदाने लिंक पाठवली. मी वाचायला लागले आणि दुसऱ्या ओळीलाच थांबले. ही ओळ मी लिहिलेली आहे. पुढचीही. पूर्ण परिच्छेद माझा, स्वल्पविरामासकट, आणि खाली नाव कोणा अनिरुद्धचं. तो तिथला संपादक.

तो परिच्छेद इथे उतरवून ठेवते, पुरावा म्हणून:

"'जाळं वाळतंय' हा अल्बम मरणापासून सुरू होतो आणि आठ गाण्यांत तो माणूस आपल्याला हळूहळू परत देतो. पहिल्या गाण्यात एक बाई एकटी, कुठलीही साथ न घेता रडते. शेवटच्या गाण्यात तोच नवरा नवा शर्ट घालून तिला मागणी घालायला येतो. मधे सहाव्या गाण्यात मेलेला माणूस हसतो, तेव्हा अंगावर काटा येतो. काळ उलटा वाहवण्याचं असं धाडस मराठी बँडमध्ये मी पहिल्यांदा ऐकलं."

हे मी नोव्हेंबरात 'कानाआड'मध्ये लिहिलं. सात वर्षं दर पंधरा दिवसांनी मी हे पत्र वाचकांना ईमेलने पाठवते. एका पत्रात एकच अल्बम, फारसा कोणी न ऐकलेला. वाचक नऊशे. अल्बम पूर्ण तीनदा ऐकल्याशिवाय मी लिहीत नाही, आणि ज्याने जे वाजवलं त्याचं नाव दिल्याशिवाय पत्र पाठवत नाही, कोरसमधल्या माणसाचंसुद्धा.

बाबा आमच्या घाटकोपरच्या भीमगीतांच्या पार्टीत कोरसला होते. चार कॅसेटी निघाल्या. कव्हरवर मुख्य गायकाचं नाव, खाली 'आणि साथीदार'. पाहुणे आले की बाबा कॅसेट काढायचे आणि त्या दोन शब्दांवर बोट ठेवून म्हणायचे, "हा मी."

इथे तर 'आणि साथीदार'सुद्धा नाही.

रविवार, १२ जानेवारी

अनिरुद्धला पत्र. चार मसुदे झाले. पहिल्यात 'चोरी' शब्द तीनदा आला, दुसऱ्यात एकदा, तिसऱ्यात 'साधर्म्य' आला तेव्हा माझीच मला लाज वाटली. चौथ्यात पुन्हा 'चोरी'.

सुबोध पेपर तपासत बसला होता. (नवरा महापालिकेच्या शाळेत गणित शिकवतो, त्यामुळे कॉपी पकडण्यात त्याला रस.) म्हणाला, "वर्गात दोघांचं उत्तर सारखं आलं तर मी काही म्हणू शकत नाही. दोघांचं सारखंच चुकलं तर मात्र मी पकडतो."

मी म्हटलं, "माझं काही चुकलेलं नाहीये."

"मग कठीण आहे," तो म्हणाला आणि पुढचा पेपर घेतला.

पत्र पाठवलं.

बुधवार, १५ जानेवारी

अनिरुद्धचा फोन आला. मी कंपनीच्या जिन्यात उभी राहून घेतला. आवाज गोड. माणूस इतका गोड बोलत असेल तर मला आधीपासूनच संशय येतो. हा माझा दोष आहे, नोंदवून ठेवते.

"चेतना मॅम, आम्ही तर तुमचे फॅन आहोत यार! कानाआड मी नेहमी वाचतो."

"ते दिसलंच."

"नाही नाही, तसं नाही मॅम. बघा ना, एकच अल्बम दोघांनी ऐकला तर दोघांना तेच वाटणार ना? गाणी काय, सगळ्यांसाठी सारखीच."

"स्वल्पविरामही सारखेच?"

"मॅम, आमची टीम असते, इंटर्न असतात. मी बघतो. पण ऑनेस्टली, बँडचं भलं झालं ना? तुमचे वाचक किती?"

मी सांगितलं नाही. फोन ठेवला. मी लिफ्टपर्यंत जाऊन परत आले, मग पुन्हा गेले. बँडचं भलं झालं हे खरं आहे. मग मला राग कशाचा आहे? माझं नाव नाही याचा. हे लिहायला लाज वाटत नाही. वाटायला हवी का, यावर जेवणाच्या सुट्टीभर विचार केला आणि वाटायला नको असं ठरलं.

शनिवार, १८ जानेवारी

सविस्तर तक्रार करायची म्हणून अल्बम लोकांसाठी कोणत्या तारखेला खुला झाला ते पाहायला गेले. म्हणजे ॲपवर 'जाळं वाळतंय' आज पहिल्यांदा उघडला. मी ऐकला होता तो परेशने आधी पाठवलेल्या फोल्डरमधून. परेश म्हणजे ओहोटीचा गायक. गाणीही तोच लिहितो.

ॲपवर पहिलं गाणं 'नवा शर्ट'. आठवं 'वनमाला', म्हणजे त्या बाईचं रडणं.

मला वाटलं, ॲपने घोळ घातला. मग फोल्डर उघडला. परेशने गाणी एकेक करून चढवली होती, पहिलं आधी, शेवटचं शेवटी. शेवटी आलेली फाइल फोल्डरमध्ये सगळ्यांत वर दिसते. नावांआधी आकडे नाहीत. मी वरून खाली ऐकत गेले. घाटकोपर ते अंधेरी मेट्रोत, डोळे मिटून, पूर्ण. तीनदा.

काळ उलटा वाहवण्याचं धाडस त्यांनी केलेलंच नाही. अल्बम साधा सरळ आहे. माणूस मागणी घालायला येतो, संसार करतो, एके दिवशी त्याच्याशिवाय होडी परत येते, आणि शेवटी त्याची बायको रडते. उलटं फक्त मी ऐकलं.

सात वर्षांत सर्वांत जास्त वाचक याच परिच्छेदाला मिळाले. एकाने तर तो भिंतीवर चिकटवला होता.

रविवार, १९ जानेवारी

सकाळी जाग आली ती एका आनंदाने. अनिरुद्धने अल्बम ऐकलेलाच नाही! ज्याने तो ॲपवर ऐकला त्याला 'मरणापासून सुरू होतो' असं वाटणं शक्यच नाही. गाणी सगळ्यांसाठी सारखी म्हणे! सुबोधला उठवून सांगितलं.

तो हसत सुटला. "चोराने तुझी चूकसुद्धा चोरली. पकडला की!"

"हो, पण त्यासाठी मला सांगावं लागेल की माझी चूक होती."

"मग सांग."

मी चहा ठेवला.

कंपनीत मी गुणवत्ता विभागात आहे. गोळ्यांच्या एखाद्या बॅचमध्ये ठरल्यापेक्षा काही वेगळं घडलं की डेव्हिएशनचा फॉर्म भरावा लागतो. काय घडलं, का घडलं, आणखी कोणत्या बॅचना धक्का पोचला, पुढे काय करणार. वीस वर्षं मी लोकांकडून हा फॉर्म भरून घेते आहे, आणि लोक 'का घडलं' या रकान्यात 'नजरचुकीने' लिहितात तेव्हा फॉर्म परत पाठवते. आज स्वतःसाठी भरला. का घडलं: क्रम कोणता असं विचारलं नाही. का विचारलं नाही: जे ऐकलं ते मला फार आवडलं होतं.

मग परेशला फोन केला. तो एसी दुरुस्तीचं काम करतो, रविवारीही कामावरच होता.

"परेश, तुला माहीत होतं?"

मागचं ड्रिल त्याने बंद करायला लावलं. मग म्हणाला, "ताई, तुम्ही इतकं भारी लिहिलं होतं. मला वाटलं, असंच असेल. आपल्यालाच कळलं नसेल आपण काय बनवलंय ते."

याहून वाईट काही मला कोणी म्हणालेलं आठवत नाही, आणि तो ते कौतुकाने म्हणाला.

पुढे त्याने जे सांगितलं ते आणखी वाईट. सोळा फेब्रुवारीला सूरपेठचा जुहूला महोत्सव आहे. ओहोटीला संध्याकाळची मोठी वेळ दिली आहे, आठही गाणी, 'उलटा प्रवास' या नावाने. सुरुवात 'वनमाला'ने. आणि ते गाणं रेकॉर्डवरून लावायचं नाही. वनमालामावशींनी, म्हणजे परेशच्या आईनेच, अंधारात एकटीने स्टेजवर उभं राहून गायचं. अल्बममधला मेलेला माणूस, रामनाथ, तिचा नवरा.

"आई तयार आहे?"

"होईल. ताई, सोळा तारखेपर्यंत काही लिहू नका. प्लीज. वाट लागेल आमची. तुमच्या लेखाआधी आम्हाला त्रेपन्न जणांनी ऐकलं होतं, त्यातले चाळीस कोळीवाड्यातले."

मी शब्द दिला.

शनिवार, २५ जानेवारी

आठवडाभर जुनी पत्रं तपासली. ज्या ज्या अल्बमचा फोल्डर मला आधी आला होता, असे एकवीस. सगळे मूळ क्रमाशी ताडून पाहिले. एकवीसच्या एकवीस बरोबर. चूक एकाच ठिकाणी झाली. समाधान वाटलं पाहिजे होतं.

सूरपेठचा तो परिच्छेद आता तीन ठिकाणी फिरतो आहे. एका ठिकाणी हिंदीत. 'अंगावर काटा'चं भाषांतरही वाईट केलंय.

बुधवार, २९ जानेवारी

रुचिका भेटायला आली. ती अंधेरीत एका स्टुडिओत साउंडचं काम पाहते, माझ्या कंपनीपासून दहा मिनिटांवर. गेटबाहेरच्या टपरीवर चहा घेतला. चहा संपेपर्यंत ती स्टुडिओतल्या एसीबद्दल बोलत राहिली, तेव्हाच मला कळलं की काही तरी आहे.

"ताई, काकू परेशशी बोलत नाहीत. आठ दिवस झाले. ताट वाढतात, समोर ठेवतात, पण बोलत नाहीत."

"वनमालामावशी? स्टेजवर यायचं नाही म्हणून?"

"यायला काही नाही त्यांना. बाजारात दिवसभर ओरडतात, स्टेजला काय घाबरणार? पहिलं यायचं नाही." मग तिने काकूंचा आवाज काढला, हुबेहूब. "'पयलंच जाऊन मी नवरा मारायचा? लोकांना म्हाईत तरी हाय का तो कोन व्हता?'"

मी चहाचे पैसे दिले.

"परेश म्हणतो, आई, पेपरवाल्यांना तसंच आवडलंय. मी आज मुद्दाम आले ताई. तो तुमचं नाव घेतो ना सारखं. चेतनाताईंना असं वाटलं, तसं वाटलं. त्याच्यापुढे काकूंचं काय चालणार?"

सूरपेठवर माझं नाव नाही म्हणून मी अठरा दिवस जळते आहे. आणि ट्रॉम्बेच्या एका घरात रोज माझं नाव घेऊन एका बाईला गप्प केलं जातंय.

शुक्रवार, ३१ जानेवारी

परेशला फोन करून सांगितलं की दिलेला शब्द मी मोडते आहे, उद्या दुरुस्ती छापणार. कारणही सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तुमचं काय जातंय ताई? तुमचं पत्र पुढच्या पंधरवड्याला परत निघेल." आणि फोन ठेवला.

तो चुकीचं बोलला नाही. तरी मी छापणार.

शनिवार, १ फेब्रुवारी

दुरुस्ती गेली. सात ओळी. मी अल्बम उलट्या क्रमाने ऐकला, माझं कौतुक माझ्याच चुकीवर उभं होतं, बँडने ठेवलेला क्रम असा आहे. शेवटचं वाक्य: "हा अल्बम आपल्याला आधी एका माणसाची नीट ओळख करून देतो आणि मगच त्याला हिरावून नेतो."

सूरपेठचं नाव घेतलं नाही. सुबोधला ते पटलं नाही. "आता पुरावा हातात आहे तर गप्प का?" घेतलं असतं तर लोक त्यांच्या चोरीवर बोलले असते आणि माझी चूक त्यात बुडून गेली असती. मला तेच हवं आहे हे लक्षात आलं, म्हणून नाव खोडलं. हा चांगुलपणा की आणखी एका तऱ्हेचा अहंकार, ठरवता येत नाही.

सोमवार, ३ फेब्रुवारी

एकेकाची कमाल असते!

वाचकांची चाळीसेक पत्रं आली. बहुतेकांचं म्हणणं, काही हरकत नाही, उलटंच जास्त छान होतं, आम्ही उलटंच ऐकणार. ज्यांनी आठ गाणी केली त्यांना काय वाटेल, हे एकानेही विचारलं नाही. दोघांनी माझ्या प्रामाणिकपणाची स्तुती केली. ती पत्रं मी पुसून टाकली.

आणि सूरपेठ. सकाळी पाहिलं तर 'ओहोटी'वरचा परिच्छेद बदललेला. आता तिथे काय आहे? "हा अल्बम आपल्याला आधी एका माणसाची नीट ओळख करून देतो आणि मगच त्याला हिरावून नेतो." खाली अनिरुद्ध. आधी चूक नेली, आता दुरुस्तीही नेली! हा माणूस माझ्या मागे बसून पेपर लिहितो आहे, आणि मी उत्तर खोडलं की तोही खोडतो.

फोन केला. "मॅम, आम्ही आमची चूक सुधारली, त्यातही प्रॉब्लेम?"

"तुमची चूक?"

"म्हणजे, जी काही होती ती."

मी म्हटलं, "अनिरुद्ध, तू हा अल्बम एकदा तरी ऐकलायस का रे?" मॅम-बिम सगळं गळून पडलं.

तो म्हणाला, "रोज दोनशे येतात मॅम. कोण ऐकतं?"

हे तो इतक्या सहज म्हणाला की मी फोनच ठेवून दिला. दिवसभर कामात लक्ष नव्हतं. कोण ऐकतं! दोनशे जण आपापला जीव ओतून गाणी करतात, आणि शिफारस करणारा विचारतो, कोण ऐकतं.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

रुचिकाचा मेसेज. 'उलटा प्रवास' नाही तर मोठी वेळही नाही, असं सूरपेठचं म्हणणं. ओहोटीला दुपारी साडेचार, चार गाणी. पहिली चार. आईची गरज नाही असं कळवलं आहे. परेश माझा फोन उचलत नाही.

मी त्यांचं काय करून ठेवलं? नोव्हेंबरात मी लिहिलंच नसतं तर त्रेपन्न जण राहिले असते, आणि त्या घरात सगळे एकमेकांशी बोलत असते.

रविवार, ९ फेब्रुवारी

ट्रॉम्बेला जाऊन आले. फोनवर माफी मागणं बरं दिसलं नसतं.

वनमालामावशी दारात बसून बोंबील निवडत होत्या. परेश घरात नव्हता, किंवा होता आणि बाहेर आला नाही. आतून बासरीसारखा काही तरी आवाज येत होता. मी नाव सांगितलं.

"तूच ती होय? लिवनारी?" त्यांनी मान वर केली. "बस. तिथं नको, वल्लं हाय."

मी बसले आणि जे ठरवून गेले होते ते बोलले. माझी चूक, तुम्हाला त्रास झाला, परेशची वेळ गेली. माफी तीनदा मागून झाली, तेही बरं वाटेना. उगाच त्यांना समजूत काढायला लावल्यासारखं झालं.

त्यांनी समजूत काढली नाही. म्हणाल्या, "चारच गानी ना आता?"

"हो. पहिली चार."

"मग बरं हाय. चारपोत जित्ताच हाय तो." बोंबील टोपलीत पडत राहिले. "पोराला राग हाय. जाईल. बापासारखाच हाय, चार दिस फुगतो."

मला हायसं वाटलं. पाणी पिऊन उठणार होते.

"तू ल्हिवलं होतंस ना, मेल्यावर हसतो म्हनून?"

"ते चुकून, मावशी. आता दुरुस्त केलं."

"व्हय, रुचिकानं वाचून दावलं. चांगलं ल्हिवलंस." मग म्हणाल्या, "आता नीट ऐकलंस ना? पयल्यापासनं?"

मी हो म्हटलं.

"मग सांग, कशाला हसतो तो?"

हसणं मला आठवत होतं. रामनाथने स्वतः टेपरेकॉर्डरवर भरून ठेवलेलं, खरखरणारं, लांबलचक. त्यावर मी एक आख्खं वाक्य लिहिलं होतं. मावशी वाट पाहत होत्या. हातातला बोंबील तसाच हातात.

"दुसऱ्या गान्यात मी नवी नवरी, टोपली घेऊन चिखलात पडते," त्या म्हणाल्या. "तिसऱ्यात तो हसतो. मी पडले म्हनून हसतो. तिथनं घरापोत हसत आलेला, माज्या मागं मागं. मी बोलत नव्हते तर टेप लावून परत परत ऐकवायचा मेला." त्यांनाही हसू आलं, आणि ते तसंच थोडा वेळ तोंडावर राहिलं. मग माझ्याकडे पाहून गेलं. "ऐकलं नाय तू."

"नाही," मी म्हटलं.

"मग दुरुस्ती कशावरनं केलीस?"

यादीवरून केली. ॲपवरच्या नावांवरून. एकवीस जुने अल्बम तपासले, अनिरुद्धला चार मसुदे लिहिले, दोन फोनवर भांडले, सात ओळींवर पूर्ण दिवस घालवला, आणि हा एक अल्बम या महिन्याभरात एकदाही लावला नाही. ते शेवटचं वाक्य छान होतं. ऐकल्यावाचून लिहिलेलं होतं. अनिरुद्धने ते उचललं तेव्हा आम्ही दोघंही सारखेच होतो.

हे मी मावशींना सांगितलं नाही. त्यांना अनिरुद्ध कोण ते माहीत नाही. नुसतं म्हटलं, "चुकलं."

"ऐक मग," त्या म्हणाल्या आणि पुढचा बोंबील घेतला. "मंग ल्हिव, नायतर नको ल्हिवू."

घरी आल्यावर सुबोधने विचारलं, काय झालं. मी म्हटलं, पकडले गेले.

उद्या: 'जाळं वाळतंय', 'नवा शर्ट'पासून.